नर्सरीतलं स्वस्त झाड, एक मोठी छाटणी आणि बोन्साय

पारंबी

बोन्साय करायचं ठरलं की बहुतेक जण आधी उथळ कुंडी आणतात आणि मग तिच्यात मावेल असं छोटं रोप शोधतात. मीही पहिली काही वर्षं हेच केलं. त्यातली तीन रोपं अजून माझ्याकडे आहेत. आणली तेव्हा खोड करंगळीएवढं होतं, आजही तेवढंच आहे. झाडं निरोगी आहेत, पण झाड म्हणावं असा भारदस्तपणा त्यांच्यात नाही.

कारण साधं आहे. खोड जाड होतं ते वर होणाऱ्या वाढीच्या जोरावर. जितकी पानं आणि मोकळी फांदी, तितका बुंध्यात भर. उथळ कुंडीत मुळांना जागा नाही, म्हणून वर वाढ नाही, म्हणून खोड आहे तिथेच थांबतं. बोन्सायची कुंडी ही शेवटची पायरी आहे. जाडी त्याआधी कमवावी लागते, किंवा कुणीतरी कमवून ठेवलेली घ्यावी लागते.

ही कमवून ठेवलेली जाडी नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात पडून असते. शेंडा मोडलेली, एका बाजूला कललेली, पिशवी फाडून मुळं खाली जमिनीत गेलेली झाडं. बागेसाठी रोप शोधणारा त्यांच्याकडे बघत नाही, त्यामुळे ती स्वस्तात मिळतात. पाच-सहा फुटांचं फायकस (वड-पिंपळाच्या गटातलं झाड), बुंधा मनगटाएवढा, पानं फक्त शेंड्याला. असं झाड आणायचं आणि वीतभर खोड ठेवून वरचं सगळं काढून टाकायचं.

पहिल्यांदा करवत लावताना हात अडखळतो. माझाही अडखळला, आणि भीतीपोटी मी फूटभर जास्त खोड ठेवलं. त्या फूटभर सरळसोट नळकांड्याने दोन वर्षं खाल्ली. शेवटी जिथे पहिल्या दिवशी कापायला हवं होतं तिथेच पुन्हा कापलं.

झाड निवडताना मी वरचं काही बघतच नाही. पानं, आकार, फांद्या, सगळं जाणारच आहे. खाली वाकून बोटाने किंवा काडीने वरची दोन-तीन सेंटीमीटर माती बाजूला करते. नर्सरीत झाड लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत जाताना दर वेळी बुंध्यावर थोडी माती चढते, त्यामुळे खरा बुंधा गाडलेला असतो. मातीवर चार सेंटीमीटर दिसणारं खोड खाली सहा सेंटीमीटरचं निघू शकतं, आणि तिथे चारही बाजूंना पसरलेली मुळं असली तर त्या झाडाला अर्ध्याहून अधिक सौंदर्य तयारच मिळालं आहे. याउलट एखादं जाड मूळ बुंध्याला फासासारखा वेढा घालून बसलेलं असेल तर मी ते झाड सोडते.

एक सावधगिरी. फुगीर मुळांचं जे ‘जिनसेंग’ फायकस मिळतं, त्यावर बहुतेकदा बारीक पानांच्या जातीचं कलम केलेलं असतं. कलमाच्या खाली कापलंत तर फुटणारे धुमारे खालच्या मूळ झाडाचे, मोठ्या पानांचे असतील. आणि दाट दिसणाऱ्या पिशवीत कित्येकदा एक झाड नसून तीन-चार रोपं एकत्र लावलेली असतात, तेही बघून घ्या.

कापायचं कुठे? ढोबळ हिशेब असा की तयार झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट दिसली की नजरेला बरी वाटते. बुंधा ४ सेंमी तर उंची २४ सेंमी. पहिला काप त्या उंचीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ८ सेंमीच्या आसपास. हा नियम म्हणून पाळू नका, पण पहिल्या झाडाला आधार म्हणून चांगला आहे. त्या जागी एखादी लहानशी फांदी आधीच असेल तर सोन्याहून पिवळं, तिलाच पुढचा शेंडा करता येतो.

मी पहिला काप आडवा, सरळ घेते, आणि हव्या जागेच्या दोन-तीन सेंमी वर घेते. कारण धुमारे नेमके कुठून येतील हे झाड ठरवतं. ते आल्यावर नवा शेंडा निवडायचा आणि मग तिरपा काप घ्यायचा, शेंड्याच्या बाजूला उंच आणि विरुद्ध बाजूला उतरता. पहिल्याच दिवशी तिरपं कापून ठेवलं आणि डोळा (नवा कोंब) उताराच्या खालच्या टोकाला फुटला, तर सगळं फिसकटतं.

चर्चा होऊ द्या. आपापले अनुभव, विशेषतः मेलेल्या झाडांचे, जरूर लिहा.

नवीपालवी

पारंबीताई, वाचनखूण साठवली. माझं अजून एकही बोन्साय नाही, म्हणून अगदी मूलभूत प्रश्न विचारते. एकही पान न ठेवता कापलेलं झाड फुटतं कसं? आणि कुठलंही झाड फुटतं का?

पारंबी

@नवीपालवी, झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खाली उतरतं. जोवर ते उतरतंय तोवर खालचे डोळे दबून राहतात. शेंडा गेला की तो दाब जातो. जुन्या पानांच्या जागी सालीखाली निजलेले डोळे जागे होतात, आणि त्यांना बळ मिळतं मुळांत आणि खोडात साठवलेल्या अन्नाचं. म्हणूनच कापायच्या आधी झाड तगडं असायला हवं. आजारी, कीड लागलेलं किंवा आणतानाच मरगळलेलं झाड कापू नका. त्याला आधी एक हंगाम ऊन आणि खत देऊन मोकळं वाढू द्या.

पण प्रत्येक झाड फुटत नाही, आणि नवख्यांची झाडं सगळ्यात जास्त याच चुकीने जातात. वड, पिंपळ आणि बारीक पानांचं फायकस मायक्रोकार्पा अगदी उघड्या खोडावरूनही फुटतात. बोगनवेलही खोडावरून भरभरून फुटते, फक्त तिची मुळं नाजूक, मातीचा गड्डा हातात सुटतो, म्हणून खोड कापताना तिच्या मुळांना हात लावू नये. चिंच आणि कामिनी फुटतात, पण कामिनी सावकाश. फायकस बेंजामिना मात्र जपून. एकही पान नसलेली फांदी ते सहज सोडून देतं आणि काप खाली-खाली वाळत जातो, म्हणून दर टप्प्याला थोडी पानं ठेवून उतरत यावं.

जेडचं तंत्र वेगळं. काप पेराच्या थोडा वर घ्यायचा, कारण वरचा तुकडा पेरापर्यंत वाळून गळतोच. कापल्यावर काही दिवस पाणी बंद.

पाइन आणि ज्युनिपर (सुयांसारख्या किंवा खवल्यांसारख्या पानांची झाडं) या धाग्यातल्या पद्धतीने अजिबात कापायचे नाहीत.

दगडफूल

शेवटच्या वाक्याखाली जाड रेघ ओढा. माझं पहिलं ज्युनिपर असंच गेलं. फायकसवर हात बसला होता, त्याच हिमतीने ज्युनिपरच्या सगळ्या फांद्या आखूड करून टाकल्या, हिरवं काही ठेवलंच नाही. ज्युनिपरच्या जुन्या उघड्या लाकडावर नवे डोळे येत नाहीत. फांदीवर हिरवं नाही म्हणजे ती फांदी संपली.

त्याहून वाईट म्हणजे ज्युनिपर गेल्याचं लवकर कळत नाही. पूर्ण मेलेलं झाडही आठवडेच्या आठवडे हिरवं दिसत राहतं. मी दोन हिरवे झुपके ठेवलेल्या दुसऱ्या ज्युनिपरला महिनाभर पाणी घालत होतो, ते बहुधा पहिल्या आठवड्यातच गेलं होतं.

आता मी ज्युनिपरमध्ये प्रत्येक राखायच्या फांदीवर भरपूर हिरवं ठेवतो आणि एका हंगामात निम्म्याहून अधिक हिरवं कधीच काढत नाही. खोडाची उंची कमी करायची असेल तर खालची एखादी जिवंत फांदी तारेने वर वळवून तिला शेंडा करतो. वरचं खोड पूर्ण कापून टाकत नाही. त्याची साल सोलून ते वाळकं टोक तसंच ठेवतो. जपानी लोक त्याला जिन म्हणतात. ज्युनिपरचं लाकूड टिकाऊ असल्यामुळे ते वर्षानुवर्षं राहतं, आणि वीज पडलेल्या जुन्या झाडाचा भास होतो. फायकसमध्ये हे चालत नाही, लाकूड कुजतं.

शेवाळ

उत्तम धागा. मला भर घालायची आहे ती पाण्याबद्दल, कारण माझी झाडं करवतीने मेली नाहीत, पाण्याने मेली.

पाच फुटांचं फायकस पाच फुटांच्या पानांतून पाणी ओढत असतं. काल भरलेली कुंडी आज कोरडी होते. आपण ते वीतभर ठेवतो, पान एकही नाही, आणि पाणी मात्र सवयीने रोज घालत राहतो. आता ते पाणी ओढणार कोण? तीच माती आठ-दहा दिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात. वर आपण धुमाऱ्यांची वाट बघत असतो, खाली झाड गेलेलं असतं. आणि धुमारे येत नाहीत म्हणून आपण आणखी पाणी घालतो.

मी आता कापायच्या आधी कुंडी उचलून तिचं वजन हाताला ओळखीचं करून घेतो. कापल्यावर ती त्याच हलकेपणापर्यंत आल्याशिवाय पाणी नाही. मोठी कुंडी असेल तर लाकडी काडी मातीत खोल खुपसून ठेवतो, रोज काढून हाताला लावून बघतो. काडी दमट निघाली की पाणी पुढे ढकललं. खोडावर मात्र दिवसातून दोनदा फवारा मारतो. धुमारे येऊन पानं उघडली की पाणी हळूहळू वाढवत न्यायचं.

जिवंत आहे की नाही ही शंका आली तर नखाने सालीवर बारीकसं खरवडायचं. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर वाट बघा. तपकिरी, कोरडं असेल तर थोडं खाली खरवडा. पण रोज नको. मी एका खोडाची खरवडून चाळण केली होती.

काळीमाती

शेवाळ यांच्या पोस्टला +१. फक्त रोग पाण्यात कमी आणि मातीत जास्त आहे असं मला वाटतं. नर्सरीची माती बहुधा चिकण असते नाहीतर नुसता कोकोपीट. पिशवी खोल असते तोवर ती माती निभावते. उथळ कुंडीत पाणी तळाशी अडून राहतं, आणि कुंडी जितकी उथळ तितका मातीचा मोठा हिस्सा चिंब राहतो. म्हणून बोन्सायला दाणेदार मिश्रण लागतं. प्यूमिस किंवा लाव्हा (ज्वालामुखीतले सच्छिद्र दगड) असो, अकादामा (जपानी दाणेदार माती) असो की विटांची बारीक खडी, दाणा साधारण २ ते ६ मिलिमीटरचा आणि धूळ चाळून काढलेली. सगळ्यात महत्त्वाचं ते चाळणं. न चाळलेला विटांचा चुरा म्हणजे पुन्हा चिकण मातीच.

म्हणून माझा क्रम पारंबी यांच्या उलट आहे. आधी मुळं, मग खोड. झाडाला सगळी पानं असताना मुळं आवरायची, नव्या मिश्रणात लावायचं, वर्षभर मोकळं वाढू द्यायचं. नवी मुळं धरायला लागणारी ताकद पानंच देतात. आणि मग पुढच्या वाढीच्या हंगामात, मुळांचं जाळं तयार असताना, खोड कापायचं. असं केलं की जे फुटवे येतात त्यांचा जोरच वेगळा असतो. एकदम दोन्हीकडून कापणं मला पटत नाही.

पारंबी

@काळीमाती, तुमचा मुद्दा पटतो, आणि बोगनवेल असेल तर मी अक्षरशः तसंच करते. फायकसच्या बाबतीत मात्र पिशवी हातात घेऊन ठरवते. पाणी घातल्यावर ते झरझर खाली उतरलं तर माती हलवत नाही, आधी खोड कापते. भरलेल्या साठ्याचा पूर्ण जोर धुमाऱ्यांना मिळतो. पाणी वर तुंबून राहिलं तर आधी मुळं, तुमच्यासारखंच. तशा मातीत पानं नसलेलं झाड ठेवणं म्हणजे शेवाळ यांनी सांगितलेला प्रसंग ओढवून घेणं.

मुळं आवरताना मी सरळ खाली जाणारी जाड मुळं काढते, आडवी पसरलेली ठेवते आणि झाडाखाली एक सपाट फरशीचा तुकडा ठेवून लावते. फरशीमुळे मुळांना खाली जाता येत नाही, ती बाजूला पसरतात. दोन-तीन वर्षांनी बुंध्याचा पाया दिसायला लागतो.

अनवाणी

बोन्साय करणारा नसलो तरी धागा पूर्ण वाचला. मनात येतं ते विचारतो, राग नसावा. वाढू पाहणाऱ्या झाडाचं धडच कापायचं, मग तारा गुंडाळायच्या. हे झाडावर अन्याय केल्यासारखं नाही का वाटत?

दगडफूल

@अनवाणी, राग कसला, मलाही सुरुवातीला हा प्रश्न छळायचा. माझं उत्तर एवढंच, की उपाशी ठेवून झाड खुजं करता येत नाही, ते मरतं. बोन्सायला खत, पाणी, ऊन, नवी माती बाकीच्या कुंड्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन द्यावं लागतं. लहान राहतं ते छाटणीमुळे, आणि छाटलेलं झाड पुन्हा-पुन्हा कोवळी वाढ करत राहतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी व्हाइट पाइन आहे, १६२५ पासून जोपासलेलं. १९४५ मध्ये ते हिरोशिमात एका कुटुंबाच्या अंगणात होतं, बॉम्बस्फोटातून वाचलं, आणि १९७६ मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं. इतक्या पिढ्या कुणी ना कुणी त्याला रोज पाणी घातलंय. तारेचं मात्र तुमचं बरोबर आहे. वेळेवर काढली नाही तर ती सालीत रुतते आणि वण राहतात. तो हलगर्जीपणा अन्यायच आहे.

अनवाणी

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. वाचतोय.

शेवाळ

ज्यांना तार नकोच असेल त्यांच्यासाठी चीनच्या दक्षिणेकडची लिंगनान शैली आहे. वाढू द्या, कापा, पुन्हा वाढू द्या, पुन्हा कापा. डोळा ज्या दिशेला असेल त्याच्या जरा पुढे कापायचं, म्हणजे नवी फांदी त्या दिशेला जाते. प्रत्येक कापाला एक कोन मिळतो. वेळ फार लागतो, पण अशा फांद्यांना जी गाठाळ, खरीखुरी वळणं येतात ती तारेने आणणं कठीण. भराभर फुटणाऱ्या झाडांना ही पद्धत फार शोभते.

अजून एक. कापलेला वरचा भाग फेकू नका. खोड कापायच्या आधी त्या जागी गुटी कलम बांधा. खोडाच्या जाडीच्या दीडपट रुंदीची साल गोल काढायची, खालचा चिकट थर नीट खरवडायचा (तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत), भिजवलेलं मॉस गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. फायकसला काही आठवड्यांत मुळं दिसतात. मॉस मुळांनी भरलं की त्याच्या खाली कापा. एका झाडाची दोन झाली, आणि वरच्याला चारही बाजूंनी नवी मुळं मिळाली.

नवीपालवी (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे आभार. फायकस मायक्रोकार्पा आणलं. माती बाजूला केली तर खाली खरंच रुंद बुंधा निघाला, ५ सेंमी! पाणी चटकन उतरत होतं म्हणून मुळांना हात न लावता १२ सेंमीवर आडवं कापलं. पांढरा चीक बराच आला, पाण्याचा फवारा मारल्यावर थांबला. कापावर मलम लावलं. पाणी कुंडीचं वजन बघूनच घातलं, एकूण चार वेळा.

काल सकाळी खोडावर हिरवे ठिपके दिसले, आज मोजले तर अकरा. कापाच्या अगदी कडेला गोल सहा, मध्ये तीन, आणि दोन अगदी खाली मातीजवळ. आता यातले किती ठेवू? आणि शेंडा कुठला?

पारंबी

@नवीपालवी, अभिनंदन! अकरा म्हणजे झाड तगडं होतं.

आत्ता काहीही काढू नका. ही अकरा फुटव्यांची पानंच आता मुळांना जगवणार आहेत. प्रत्येकाला पाच-सहा पानं येऊन ती गडद होईपर्यंत थांबा. मग पहिली निवड. कडेचे सहा एकाच पातळीवर आहेत, ते तसेच ठेवले तर तिथे खोड फुगेल आणि खालच्यापेक्षा वर जाड दिसेल. हा उलटा फुगवटा नंतर घालवता येत नाही. त्यातला एक किंवा फार तर दोन ठेवा.

पण शेंडा मी कडेच्या डोळ्यांतून घेतला नसता. मधल्या तिघांपैकी जो समोरून बघताना खोडाच्या कलण्याला उलट दिशा देतो तो घ्या. कोवळा असतानाच सैल तार घालून त्याला थोडं वर वळवा, लाकूड झाल्यावर तो वळणार नाही. मग त्याला हात लावू नका. चार फूट जाऊ दे, वेडावाकडा दिसू दे. खत त्यालाच मिळणार आहे. त्याची जाडी खालच्या खोडाच्या निम्म्याच्या पुढे गेली की तो कापायचा, आणि पहिल्या टप्प्यापेक्षा आखूड ठेवून कापायचा. खोडाला निमुळतेपणा येतो तो असा, टप्प्याटप्प्याने.

मातीजवळचे दोन दिसायला नकोसे वाटतील, तरी त्यातला मागच्या बाजूचा एक ठेवा. तो फांदी म्हणून नाही, बुंधा जाड करायला. मनसोक्त वाढू द्यायचा आणि काम झालं की काढून टाकायचा. मागे असल्यामुळे त्याचा व्रण समोरून दिसणार नाही.

काळीमाती

त्या व्रणाबद्दल. झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही. जुनं लाकूड आत तसंच बंद करून टाकतं आणि वरून नवा थर चढवतं. अ‍ॅलेक्स शिगो या वनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे सविस्तर मांडलं. म्हणून तिरपा काप घ्याल तेव्हा मध्यभाग थोडा खोलगट कोरा आणि कडा धारदार चाकूने गुळगुळीत करा, म्हणजे कडेने चढत येणारी नवी साल वर न फुगता सपाट मिटते. आणि तो काप शेंडा जोमात वाढत असतानाच घ्या, वाढ थांबल्यावर नको.

नवीपालवी

समजलं. म्हणजे पाच-सहा पानं येईपर्यंत फक्त पाणी आणि ऊन. मागच्या बाजूच्या फुटव्याला सुतळीची खूण बांधून ठेवली आहे, चुकून कापला जाऊ नये म्हणून. एकच शेवटचं विचारते, खत कधीपासून?

पारंबी

पहिली पानं गडद झाली की. आधी हलकं, पंधरा दिवसांनी नेहमीचं. आणि कुंडी दर आठवड्याला पाव फेरी फिरवत जा, नाहीतर उजेडाच्या बाजूचे फुटवेच पुढे जातील आणि तुम्ही निवडलेला शेंडा मागे राहील.